पाठ घासणारी

१

दुपारच्या जेवणाची वेळ झाली की बोनारिया तिकिटांची खिडकी खाली ओढायची, फाटकाला कुलूप घालायची आणि मागच्या पायवाटेने आईला आत आणायची. हे नियमाला धरून नव्हतं. पण नदीकाठच्या त्या पडक्या रोमन स्नानगृहात हिवाळ्यात येऊन येऊन येणार तरी कोण? एखादं काकडलेलं जर्मन जोडपं, नाहीतर ओरिस्तानो शहरातून आलेली शाळेची सहल. आणि बोनारियाचं मत असं, की दगड सरकारचे असतील, पाणी मात्र गावाचं. जमिनीतून वाफाळत वर येणाऱ्या त्या पाण्यात तिच्या आईने जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्या होत्या. आता म्हातारपणी तिने त्यात दोन पाय बुडवले, तर कुणाच्या बापाचं काय जात होतं?

पहारेकरी बाकिझिओ नेमका त्याच वेळी गाडीत बसून, रेडिओ लावून, मांडीवर रुमाल पसरून जेवत असे.

"काका, आईला नेतेय हं."

"कोण आई? कुणाची आई?" तो घास न थांबवता म्हणायचा. "मला आंधळ्याला काय दिसतंय! रिमेदियाकाकू, पायरी सांभाळा, शेवाळलीय."

"आंधळ्याला शेवाळ बरं दिसतं रे मेल्या," रिमेदिया म्हणायची. पण हसायची नाही. धाकटा एफिस गेल्यापासून ती हसल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. विशीही गाठली नव्हती पोराने. मोटरसायकल, ओला रस्ता, पुलाचं वळण. तेव्हापासून रिमेदियाचे कपडे काळे, स्वयंपाकघरातल्या फडताळावर त्याचा फोटो आणि फोटोपुढे रोज दिवेलागणीला एक पणती. थोरल्या बोनारियाने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आईला सोडलं नाही. पण त्या घरात खरी वस्ती होती ती एफिसचीच.

स्नानगृहाची छपरं कधीच कोसळली होती. तांबूस दगडाच्या भिंती, मधे आभाळाखाली उघडा मोठा हौद, एका अंगाला कमानी. कमानींमागची एक लहान कोठी तेवढी शाबूत होती. घुमटासारखं छत, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, तळाशी गुडघाभर पाणी. हौदातल्या पाण्यात हात घालवत नसे, ते इथवर येईतो सोसवेल इतकं निवायचं. कोठीच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार होतं आणि त्याची किल्ली बोनारियाच्या जुडग्यात असे.

ती आईचे मोजे काढायची, तिला पायरीवर बसवायची, खांद्यावर शाल टाकायची.

"जा तू. जेवून घे," आई म्हणायची.

आईला एकटीला रडायचं असतं, हे बोनारियाला ठाऊक होतं. ती मुकाट्याने खिडकीत जाऊन पापडासारखी पातळ भाकरी आणि मेंढीचं चीज खात बसे. थोड्या वेळाने आईला घरी पोचवून परत खिडकी उघडे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, सांध्यांना ऊन पाणी चांगलं.

सगळं असंच चाललं होतं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आईला झोपायचा झगा घालताना बोनारियाचे हात थांबले.

आईची पाठ कुणीतरी घासलेली होती.

२

मानेपासून कमरेपर्यंत लांब, सरळ पट्टे, एकाला एक लागून, शेत नांगरावं तसे. कातडी लालसर झालेली, पण कुठे खरचटलेलं नाही. आणि इतकी स्वच्छ, की दिव्याखाली चकाकत होती.

आईचा उजवा खांदा धरलेला होता. डाव्या हाताने तिला केसांतली पिनसुद्धा काढता येत नसे. गेली काही वर्षं तिची पाठ बोनारियाच घासत आली होती.

"आई, पाठ कुणी घासली?"

"त्या बाईने."

"कुठल्या बाईने?"

"खाली असते ती." आईने झग्यातून डोकं बाहेर काढलं. "छान घासते हो. तुझ्यासारखी घाई नाही तिला."

बोनारिया हसली. मग अंथरुणावर पडल्यापडल्या तिला हसू येईना. जाळीच्या दाराला बाहेरून कडी घातलेली असते. पुढच्या फाटकाला कुलूप, मागची पायवाट बाकिझिओच्या गाडीसमोरून जाते. कोण बाई येणार, आणि कुठून? आई खडबडीत भिंतीला टेकून बसली असेल, दगडाचे वळ उठले असतील. म्हातारी कातडी, पटकन वळ उठतात. एवढंच. ती कूस बदलून झोपली.

सकाळी कामावर गेल्या गेल्या ती कोठीत उतरली. हात फिरवून भिंत पाहिली. आई बसायची तिथला दगड शतकानुशतकं लोकांची अंगं घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

वळायला आली तेव्हा पायरीच्या कडेला काहीतरी दिसलं. करड्या रंगाची, बोटाएवढी, ओलसर वळकटी. तिने कागदी रुमालाने ती उचलली. तेलकट होती. मळाची वळकटी होती ती. अंगावरून खरवडून काढावी आणि पात्यावरून बोटाने पुसून कडेला टाकावी, तशी.

तिकीटघरातल्या काचेच्या कपाटात तसलं एक पातं होतं. कांशाचं, विळ्यासारखं वाकडं. रोमन लोक अंगाला तेल माखायचे आणि त्याने मळ खरवडायचे, असं ती सहलीच्या पोरांना सांगायची, आणि पोरं "शी" करून खिदळायची. बोनारियाने कपाट पाहिलं. पातं जागच्या जागी होतं. काचेवरची धूळही कुणी मोडली नव्हती.

तिने रुमाल चुरगाळून कचऱ्यात टाकला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली.

"काका, खालच्या कोठीत कुणी बाई येते का?"

बाकिझिओने तिच्याकडे नीट पाहिलं. "येत असती तर मी रोज एकटा जेवलो असतो होय गं?"

३

त्यानंतर दोनतीनदा ती आईसोबत खालीच बसून राहिली. काही झालं नाही. पाणी दगडाला लपलप लागायचं, छतावरून थेंब पडायचे. आई मात्र घुम्यासारखी बसून राहायची.

"तू असलीस की ती येत नाही," शेवटी आई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. उगीच पाहुणा अडवून ठेवला की माणूस बोलतं, तसा सूर होता.

आणि खरी गोष्ट अशी, की आईला बरं वाटत होतं. गुडघे वळायला लागले होते. रविवारी ती काठीशिवाय देवळात गेली, तेव्हा शेजारणी वळून वळून पाहत होत्या. आईला सुख लागतंय आणि आपण कसल्या वेड्या शंका घेऊन बसलोय! बोनारिया पुन्हा खिडकीत जाऊन जेवायला लागली. संध्याकाळी आईची पाठ लाल असे. तिने विचारणं सोडलं. विचारलं नाही म्हणजे पाहावंही लागत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

नाताळच्या आधी दोघी बदामाची गोड बिस्किटं करायला बसल्या. आईने कणीक मळायला बाह्या वर सारल्या आणि बोनारियाच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

आईच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याची मोठी खूण होती. सुरकुतलेली, गुलाबी. एफिस रांगत होता तेव्हाची. चीज करायला चुलीवर दुधाचा हंडा चढवला होता, पोराने हंड्याचा कान धरून ओढला आणि आईने मधे हात घातला. बोनारिया तेव्हा शाळेत जाणारी, दारात उभी होती. आईची किंकाळी तिने ऐकली होती. तो वास तिला अजून आठवत होता.

आता त्या हातावर काही नव्हतं. साधी, म्हातारी, गोरी कातडी.

डावा की उजवा? बोनारियाने उजवा हात पाहिला. त्यावरही काही नव्हतं.

"आई, तुझ्या हातावरचा तो डाग?"

"कसला डाग?"

"भाजल्याचा. दुधाचा हंडा नाही का… एफिस लहान असताना."

आईने पीठ लागलेले हात उलटेसुलटे करून पाहिले. "मी कधी भाजले?" ती म्हणाली. "तू ना, काहीतरीच." आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

त्या संध्याकाळी पणती लागली नाही. बोनारिया वाट पाहत राहिली. आई फडताळापाशी गेली, फोटो उचलला, पदराने पुसावा तसा ॲप्रनने पुसला आणि दिव्याखाली धरून पाहिला.

"देखणा आहे गं पोरगा," ती म्हणाली. "कुणाचा?"

४

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असं होतं. आधी अलीकडचं जातं, मग जुनं जातं, कधी उलटंही होतं. आणि खुणेचं काय? त्यांनी आईचा हात हातात घेऊन पाहिला. "जुने डाग फिके होतात, बोनारिया. तुम्ही फार थकला आहात."

बोनारियाला हे पटवून घ्यायचं होतं. घरी आल्यावर तिने फोटो कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. आईला त्रास नको म्हणून, असं ती स्वतःशी म्हणाली.

आणि मग जे झालं त्याची तिने कधी कल्पना केली नव्हती. आई हसायला लागली.

काळे कपडे पेटीत गेले, निळा झगा बाहेर आला. सकाळी आई कॉफीची किटली ठेवता ठेवता जुनी गाणी गुणगुणायची. बोनारियाचे केस विंचरायची. "किती गं राबतेस माझ्यासाठी," असं एकदा म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. बोनारिया पन्नाशीला आली होती, आणि आई आपल्याकडे बघतेय, नुसतं आपल्याकडे, आपल्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे नाही, हे तिच्या आयुष्यात इतक्या उशिरा घडत होतं. रात्री दोघी चुलीपुढे शेंगा फोडत, गावातल्या बायकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायच्या. आई लोकांच्या चालण्याच्या नकला करायची. बोनारियाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं.

ती आईला कोठीत नेत राहिली.

तिला कळत नव्हतं असं नाही. जाळीची कडी लावताना रोज तिचा हात अडायचा. एकदा तर ती कमानीपाशी थबकली आणि आतून आवाज आला. खर्र… मग थोडा थांब. पुन्हा खर्र… माशाचे खवले काढावेत, तसा. आणि आईचा समाधानाचा हुंकार. बोनारियाने वळून पाहिलं नाही. ती तिकीटघरात जाऊन बसली, भाकरी पुढ्यात ठेवली आणि बाकिझिओच्या गाडीतला रेडिओ कान देऊन ऐकत राहिली.

जानेवारीत एका रात्री ती आईच्या पायांना मलम चोळत होती.

"पाठ झाली, हात झाले, पाय झाले," आई आपल्याच तंद्रीत म्हणाली.

"काय झालं?"

"धुऊन. तीच सांगत होती." आईने पोटावर, झग्यावरून, सावकाश हात फिरवला. "आता पोटाचं राहिलंय म्हणाली."

बोनारियाचे मलम लागलेले हात तसेच राहिले. आईच्या पोटावर एकच खूण होती. बेंबीपासून खाली, उभी, टाक्यांची. बोनारिया पोटात आडवी आली होती. ओरिस्तानोच्या इस्पितळात पोट फाडून तिला बाहेर काढावं लागलं होतं.

५

दुसऱ्या दिवसापासून तिने आईला नेणं बंद केलं. नदीला पूर आलाय, सरकारी तपासणी आहे, किल्ली हरवलीय, काय वाटेल ते सांगितलं. आईने आदळआपट केली नाही. ती खिडकीपाशी बसून राहायची आणि नखांनी पोट खाजवायची.

"अर्धवट ठेवू नये गं," ती म्हणायची. "अर्धी धुतलेली चादर कुणी दोरीवर घालतं का?"

बोनारियाने किल्ल्यांचा जुडगा गळ्यातच अडकवला. आंघोळीलासुद्धा ती आईला पाण्यात बसू देईना, ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची. पुसताना पोटाकडे बघायची. खूण होती. ती रोज बघायची.

संत अंतोनींच्या सणाला चौकात होळी पेटते. दुपारपासून पोरं ओंडके रचत होती. दिवस कलायच्या सुमारास आग लावली, फादरनी आशीर्वाद दिला, तरण्या पोरांनी वाईनचे पेले फिरवले. सगळं गाव तिथे होतं. बोनारियाने आईला पुढे, धगीपाशी खुर्ची दिली होती. आगीची आच लागायला लागली तसा तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, गळ्यातला जुडगा टोचत होता म्हणून तो कोटाच्या खिशात टाकला, आणि बाकिझिओने हातात दिलेला पेला घेतला.

"तुझी आई काय तरुण झालीय गं," बाकिझिओ म्हणाला. "मला विचारत होती, तू कुणाचा रे म्हणून. मी म्हटलं, काकू, तुमच्या मांडीवर मुतलेला बाकिझिओ मी."

बोनारिया वळली. खुर्चीत कुणी नव्हतं. कोट होता, खिसा हलका होता.

६

उतारावरून ती कशी धावली हे तिला नंतर सांगता आलं नाही. मागे चौकातली गाणी आणि आगीचा उजेड. पुढे नदी, आणि नदीवर वाफेचा पांढरा पट्टा. फाटक सताड उघडं होतं.

हौदापाशी अजून थोडा उजेड होता. कमानींखाली अगदीच अंधुक होता. कोठीच्या दाराबाहेर, एका दगडावर, आईचे कपडे होते. निळा झगा, लोकरी स्वेटर, मोजे एकात एक घातलेले. इतके नीट घडी केलेले, की कडेला कड जुळत होती. खांदा धरल्यापासून आईला रुमालाचीही अशी घडी घालता आली नव्हती.

आतून आवाज येत होता. खर्र… मग पाणी ओतल्याचा. पुन्हा खर्र…

बोनारियाने पाणी पाहिलं आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पाणी गुडघाभर नव्हतं. ते वरच्या पायरीपर्यंत चढलं होतं, काठोकाठ, आणि हळूहळू उंबऱ्यावरून सांडत होतं. भरल्या हंड्यात हात घातला की येतं तसं. आत जणू कितीतरी माणसं दाटीवाटीने बसली होती.

"आई!"

खर्र थांबलं.

वाफ बाजूला सरकली आणि क्षणभर आतलं दिसलं. आई भिंतीलगतच्या उंच, पाण्याबाहेर जेमतेम राहिलेल्या दगडी ओट्यावर उताणी पडली होती, डोळे मिटून, केस मोकळे सोडून. तिच्या डोक्याशी कुणीतरी ओणवं होतं. एक हात आईच्या पोटावर. उघडा, ओला, पांढरा हात, आणि त्याला कोपराची घडी नव्हती, सांधा नव्हता, नखं नव्हती. हाक ऐकून त्या ओणव्या आकृतीने तोंड वळवलं असावं. बोनारियाला जे दिसलं त्याला चेहरा म्हणवेना. न्हाणीत बरेच दिवस वापरलेली साबणाची वडी असते ना, मूळची नक्षी पार झिजलेली, तसं काहीतरी. आणि त्या झिजलेल्या जागी अजूनही कुणाकडे तरी बघायची सवय उरलेली.

त्याच्या मागे, वाफेत, ओळीने आणखी काहीतरी पांढरं होतं. बोनारियाने तिकडे बघितलं नाही.

ती पाण्यात उतरली. दोन पायऱ्यांतच कमरेपर्यंत ऊन पाणी चढलं. अंगावर शहारे यायला हवे होते, पण आलं ते सुख. इतकं सुख, की कशाला आलो हेच क्षणभर सुचेना. मग तिने आईचे दोन्ही दंड धरले आणि ओढलं.

"अगं थांब ना," आई डोळे न उघडता म्हणाली. "झालंच होतं."

पाण्याखाली कुणीतरी बोनारियाच्या पोटरीवरून हात फिरवला. हळुवार. कुठे मळलंय ते चाचपून बघावं, तसा. ती किंचाळली. किंचाळतच आईला पायऱ्यांवर खेचून काढलं.

बाकिझिओ बॅटरी घेऊन धापा टाकत आला तेव्हा दोघी कमानीखाली दगडावर पडल्या होत्या. त्याने आपला कोट काढून रिमेदियाकाकूच्या अंगावर टाकला आणि बॅटरीचा झोत कोठीत मारला. पाणी गुडघाभर होतं. पायऱ्या वरपर्यंत ओल्या होत्या.

"कोण होतं गं आत?" त्याने विचारलं.

बोनारियाने मान हलवली. जाळीचं दार लावताना त्याने त्या बाजूला पाठ केली नाही, तोंड आत ठेवूनच मागे मागे सरला.

७

घरी चुलीपुढे आईला बसवून बोनारियाने तिचं अंग कोरडं करायला घेतलं. कोटाची बटणं ती खालून वर सोडत गेली आणि पोटापाशी येऊन थांबली. मग मन घट्ट करून पाहिलं.

खूण होती. अर्धी. बेंबीपासून निघून मधेच संपलेली. तिच्या खालची कातडी नव्या अर्भकासारखी होती.

"आई," ती म्हणाली, "मी कोण?"

आईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. तिचे ओले केस मागे सारले. आणि दोन्ही हात हातात घेतले.

"फार चांगल्या आहात हो तुम्ही," आई म्हणाली. "पण आता घरी जा. तुमची आई वाट बघत असेल." मग खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहून काळजीने म्हणाली, "माझी बोनारिया पण यायची आहे शाळेतून. इतका उशीर कधी करत नाही ती."

८

बोनारियाने नोकरी सोडली. ओरिस्तानोला, नदीपासून लांब, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आई तिला 'अहो' म्हणायची आणि केलेल्या प्रत्येक कामाबद्दल आभार मानायची. तिची तब्येत उत्तम होती. छोट्या बोनारियाबद्दल ती किती बोलायची! ती कशी हट्टी आहे, तिला दुधावरची साय कशी लागते, झोपताना आईच्या पोटावर हात ठेवल्याशिवाय तिला झोप कशी येत नाही. बोनारिया भाजी चिरता चिरता ऐकायची. यातलं बरंचसं तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. आईने ते तिला कधी सांगितलंच नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी आई दार उघडून जिन्यात उभी राहायची. शेजारपाजारच्यांना सवय झाली. अंधार पडला की बोनारिया तिला हाताला धरून आत आणायची आणि म्हणायची, "उद्या येईल हं." त्यावर आई विश्वास ठेवायची.

वसंत लागला होता, ईस्टर तोंडावर होता. बाहेर स्वच्छ ऊन, पावसाचा मागमूस नाही. बोनारिया स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. आई नेहमीसारखी दारात.

खालून जिन्यावर पावलं वाजली. पटपट, अनवाणी, लहान. आणि ओली. फरशीवर ओला तळवा आपटला की होतो तो आवाज ओळखायला बोनारियाला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावर पोरं राहतात, ती स्वतःला म्हणाली. नळाखाली खेळून आली असतील.

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली नाहीत.

"आलीस गं माझे बाई!" आईचा आवाज फुटला. तिचं ते रडणंहसणं एकदमच. "किती उशीर! आणि ही काय दशा? नखशिखांत भिजलीस की!"

कुणीतरी धापा टाकत होतं, खेळून दमलेलं पोर टाकतं तसं. ऊन पाण्याचा, ओल्या दगडाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

"अहो," आईने पॅसेजमधून हाक मारली. "जरा टॉवेल द्या ना. पोर गारठेल."

इस्त्री कपड्यावर तशीच राहिली होती. जळका वास यायला लागला तेव्हा बोनारियाने ती उचलून उभी केली. खुर्चीवरच्या घड्यांतला सगळ्यात मऊ टॉवेल घेतला. दाराच्या चौकटीपाशी आली. इथून अर्धं पाऊल पुढे टाकलं की पॅसेज दिसतो.

तिने अर्धं पाऊल टाकलं नाही. भिंतीला पाठ लावली, डोळे मिटून घेतले आणि टॉवेल धरलेला हात तेवढा चौकटीपलीकडे केला.

टॉवेल पलीकडून ओढला गेला. आईच्या उंचीवरून नाही, खालून. मग लहान, ओली, ऊन बोटं तिच्या मनगटाभोवती आली आणि तिथेच राहिली. सोडेनात.

"बघा बघा, कशी चिकटलीय तुम्हाला," आई हसत म्हणाली. "लाजू नको गं बोनारिया. ये, आत ये."